ऑर्गनायझेशनल युनिट हटवणे

ऑर्गनायझेशनल युनिट हटवणे ही संगणक जालकाच्या निर्देशिका सेवेतील एक प्रशासकीय क्रिया आहे. निर्देशिकेत वापरकर्त्यांची खाती, संगणक, गट आणि मुद्रक यांच्या नोंदी ज्या कप्प्यांमध्ये मांडलेल्या असतात, त्यांपैकी एखादा कप्पा या क्रियेने कायमचा काढून टाकला जातो. अशा कप्प्याला ऑर्गनायझेशनल युनिट किंवा संक्षेपाने ओयू असे म्हणतात. संस्थेतील विभाग बंद होणे, दोन विभागांचे एकत्रीकरण, कार्यालयाचे स्थलांतर किंवा निर्देशिकेची फेररचना ही ओयू हटवण्याची नेहमीची कारणे होत. हा लेख मुख्यतः मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी या निर्देशिका सेवेतील प्रक्रियेविषयी आहे.

रिकामे ओयू हटवणे ही तांत्रिकदृष्ट्या अगदी लहान क्रिया आहे. भरलेले ओयू हटवले तर मात्र त्यातील प्रत्येक खाते, त्या खात्यांची ओळख, त्यांना लागू असलेली धोरणे आणि स्थानिक प्रशासकांना दिलेले अधिकार ही सर्व एकाच वेळी नाहीशी होतात. त्यामुळे प्रत्यक्ष हटवण्यापेक्षा ओयू रिकामे करणे आणि त्यावर काय काय अवलंबून आहे याचा शोध घेणे, हाच या प्रक्रियेचा मुख्य भाग मानला जातो.

पार्श्वभूमी

निर्देशिकेतील नोंदी वृक्षाच्या आकारात मांडण्याची कल्पना एक्स.५०० या प्रमाणकांच्या मालिकेतून रूढ झाली. ही प्रमाणके दूरसंचार क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. देश, संस्था, संस्थेतील विभाग आणि शेवटी व्यक्ती अशी उतरंड त्यांत गृहीत धरलेली होती. यातील विभागाच्या पातळीला ऑर्गनायझेशनल युनिट हे नाव मिळाले. एक्स.५०० ची मूळ संपर्कपद्धती लहान संगणकांना जड जात असे. तिला सुटसुटीत पर्याय म्हणून मिशिगन विद्यापीठात एलडॅप या शिष्टाचाराच्या विकासाला चालना मिळाली आणि १९९३ मध्ये त्याचे पहिले विवरण प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर ४ या प्रणालीबरोबर वृक्षाकार निर्देशिका सेवा बाजारात आली.

मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० सर्व्हरबरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी उपलब्ध केली. त्यापूर्वीच्या विंडोज एनटी प्रणालीत एका डोमेनमधील सर्व खाती एकाच सपाट यादीत असत. एखाद्या विभागाचे प्रशासन वेगळ्या व्यक्तीकडे द्यायचे असेल, तर अनेकदा त्या विभागासाठी स्वतंत्र डोमेन उभारावे लागे. ओयूमुळे एकाच डोमेनच्या आत असे कप्पे करणे शक्य झाले. कप्पे करणे सोपे झाल्यामुळे त्यांची संख्याही वाढली, आणि संस्थेची रचना बदलली की जुने कप्पे काढून टाकण्याचा प्रश्न उभा राहू लागला.

स्वरूप

ओयू दिसायला संगणकावरील फोल्डरसारखे असले, तरी दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. फोल्डर फाइली ठेवण्यासाठी असतो. ओयू नोंदी ठेवते, आणि त्याशिवाय आणखी तीन कामे करते.

पहिले काम धोरणे लागू करण्याचे आहे. ग्रुप पॉलिसी या नावाने ओळखले जाणारे नियमांचे संच ओयूला जोडता येतात. परवलीच्या शब्दाने पडदा केव्हा बंद व्हावा, कोणती आज्ञावली आपोआप बसवली जावी, यूएसबी उपकरणे चालावीत की नाही अशा बाबी या नियमांनी ठरतात. ओयूमधील सर्व खात्यांना व संगणकांना ते लागू होतात.

दुसरे काम अधिकार सोपवण्याचे आहे. एखाद्या विभागातील कर्मचाऱ्याला केवळ त्या विभागातील वापरकर्त्यांचे परवलीचे शब्द बदलण्याची परवानगी द्यायची असेल, तर ती संबंधित ओयूवर नोंदवली जाते आणि त्याखालील नोंदींना वारशाने मिळते.

तिसरे काम पत्त्याचे आहे. निर्देशिकेतील प्रत्येक नोंदीचे पूर्ण नाव हे तिच्यापासून वृक्षाच्या मुळापर्यंतच्या सर्व कप्प्यांची नावे जोडून बनते. हे नाव टपालाच्या पत्त्यासारखे असते. त्यामुळे ओयूचे नाव बदलले किंवा नोंद दुसऱ्या ओयूमध्ये हलवली, की तिचा पत्ता बदलतो.

ओयू आणि गट यांतही भेद आहे. एखादे खाते अनेक गटांचे सदस्य असू शकते, पण ते एका वेळी एकाच ओयूमध्ये असते. गट हटवला तर त्याचे सदस्य असलेली खाती शाबूत राहतात. ओयू त्यातील नोंदींसह हटवले तर खातीही जातात.

डोमेन उभारताना यूझर्स आणि कॉम्प्युटर्स या नावांचे दोन कप्पे आपोआप तयार होतात. ते ओयू नसून साधे कंटेनर असतात. त्यांना ग्रुप पॉलिसी जोडता येत नाही आणि ते हटवताही येत नाहीत. डोमेन कंट्रोलर्स हे सुरुवातीपासून असणारे ओयूदेखील प्रणाली हटवू देत नाही.

हटवण्याची कृती

एलडॅपच्या मूळ नियमानुसार, जिच्याखाली दुसरी कोणतीही नोंद नाही, म्हणजे जी वृक्षाचे पान आहे, अशीच नोंद हटवता येते. आत नोंदी असलेले ओयू साध्या आज्ञेने हटवण्याचा प्रयत्न केला, तर सर्व्हर ६६ क्रमांकाची त्रुटी परत पाठवतो. ही नोंद पान नसल्यामुळे क्रिया करता येत नाही, असा तिचा अर्थ आहे. या नियमाप्रमाणे आधी सर्वांत खालच्या नोंदी, मग त्यांवरचे कप्पे आणि शेवटी मुख्य ओयू अशा क्रमाने जावे लागते.

हे काम वेळखाऊ असल्याने ॲक्टिव्ह डिरेक्टरीत संपूर्ण उपवृक्ष एकाच विनंतीने हटवण्याची सोय आहे. आज्ञेबरोबर एक विशेष नियंत्रण पाठवले की सर्व्हर स्वतःच खालून वर जात सर्व नोंदी हटवतो. मात्र ही संपूर्ण क्रिया एकसंध व्यवहार म्हणून होत नाही. मध्येच अडथळा आल्यास उपवृक्षाचा काही भाग हटलेला आणि उरलेला तसाच, अशी स्थिती निर्माण होऊ शकते.

परवानग्यांच्या बाबतीतही या दोन पद्धतींत फरक आहे. एकच नोंद हटवण्यासाठी त्या नोंदीवर हटवण्याची परवानगी किंवा तिच्या वरच्या कप्प्यावर आतील नोंदी हटवण्याची परवानगी पुरेशी असते. उपवृक्ष हटवण्यासाठी त्याच्या मुळाशी असलेल्या ओयूवर स्वतंत्र परवानगी लागते. ती असल्यास आतील प्रत्येक नोंदीची परवानगी वेगळी तपासली जात नाही. म्हणून ही परवानगी कोणाकोणाला दिली आहे, याचा आढावा वेळोवेळी घेणे आवश्यक ठरते.

प्रशासक हे काम सहसा तीन मार्गांनी करतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरी यूझर्स अँड कॉम्प्युटर्स हे खिडकीच्या स्वरूपातील साधन सर्वांत परिचित आहे. विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून ॲक्टिव्ह डिरेक्टरी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटर हे दुसरे साधन मिळते. अनेक ओयू हटवायची असल्यास पॉवरशेल या आज्ञाभाषेचा उपयोग होतो. तिच्यात ओयू हटवण्याची स्वतंत्र आज्ञा असून, आतील सर्व नोंदींसह हटवायचे असेल तर तसे स्पष्टपणे सांगावे लागते. काय घडेल ते केवळ दाखवणारी, प्रत्यक्ष काही न हटवणारी चाचणीची सोयही या आज्ञेत आहे.

अपघाती हटवण्यापासून संरक्षण

माउसच्या एका चुकीच्या क्लिकने संपूर्ण विभाग नाहीसा होऊ नये, यासाठी विंडोज सर्व्हर २००८ पासून प्रशासकीय साधनांत प्रत्येक नोंदीसाठी संरक्षणाची चौकट देण्यात आली. या साधनांतून नवे ओयू तयार करताना ही चौकट आधीच निवडलेली असते. त्याहून जुन्या काळात किंवा अन्य आज्ञावलींतून तयार झालेल्या ओयूंना हे संरक्षण असेलच असे नाही.

हे संरक्षण म्हणजे एखादे वेगळे कुलूप नव्हे. निवड केली की साधन त्या ओयूच्या परवानग्यांच्या यादीत सर्वांसाठी नकाराची नोंद करते. ओयू हटवणे आणि त्याचा उपवृक्ष हटवणे या दोन्ही गोष्टींना त्यात मनाई असते. वरच्या कप्प्यावरही आतील नोंदी हटवण्यास मनाई केली जाते. नकाराची अशी थेट नोंद परवानगीच्या नोंदीपेक्षा वरचढ ठरत असल्याने डोमेनच्या मुख्य प्रशासकालाही ओयू हटवता येत नाही. पुरेसे अधिकार नाहीत किंवा नोंद संरक्षित आहे, असा संदेश त्याला दिसतो. ओयू एका जागेहून दुसरीकडे हलवण्यासाठीही हटवण्याची परवानगी लागते, त्यामुळे संरक्षित ओयू हलवताही येत नाही.

संरक्षण काढण्यासाठी साधनातील व्ह्यू यादीतून ॲडव्हान्स्ड फीचर्स हा पर्याय सुरू करावा लागतो. त्यानंतर ओयूच्या गुणधर्मांत ऑब्जेक्ट हे पान दिसू लागते आणि तेथील खूण काढता येते. हा वळसा म्हणजे प्रशासकाला थांबून विचार करण्यासाठी दिलेली उसंत होय.

या संरक्षणाला दोन मर्यादा आहेत. ओयूवर लावलेले संरक्षण आतील खात्यांना वारशाने मिळत नाही. त्यामुळे संरक्षित ओयूमधील खाती एकेक करून हटवता येतात. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. वरचे ओयू असंरक्षित असेल आणि ते उपवृक्षासह हटवले, तर आतील संरक्षित ओयूही त्याबरोबर जाते. साधनात उपवृक्ष हटवण्याचा पर्याय निवडताना संरक्षित नोंदीही हटवल्या जातील, अशी सूचना यासाठीच दिलेली असते. म्हणून संरक्षण सर्वांत खालच्या ओयूंबरोबरच वरच्या प्रत्येक पातळीवर असावे लागते.

परिणाम

वापरकर्त्यांवर

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक खात्याला एक सुरक्षा ओळखक्रमांक असतो. फाइली, फोल्डर आणि अन्य साधनांवरील परवानग्या खात्याच्या नावावर नव्हे, तर या क्रमांकावर नोंदलेल्या असतात. हटवलेल्या खात्याच्या जागी त्याच नावाचे नवे खाते तयार केले, तरी त्याचा क्रमांक वेगळा असतो. परिणामी त्या व्यक्तीला स्वतःच्याच जुन्या फाइली उघडता येत नाहीत. गटांचे सदस्यत्वही नव्याने द्यावे लागते. म्हणून चुकून हटवलेली खाती घाईने नव्याने तयार करणे हा उपाय ठरत नाही.

परिणाम नेहमी लगेच दिसून येतो असेही नाही. विंडोज संगणक पूर्वीच्या प्रवेशाची माहिती स्वतःजवळ साठवून ठेवतो. जालकाशी संपर्क नसताना तो तिच्या आधारे वापरकर्त्याला आत घेऊ शकतो. त्यामुळे प्रवासात लॅपटॉप वापरणाऱ्या कर्मचाऱ्याची तक्रार उशिराने येते.

संगणकांवर

संगणकाची नोंद हटवली की त्या संगणकाचे डोमेनशी असलेले विश्वासाचे नाते तुटते. त्याहून मोठा धोका बिटलॉकर या कूटबद्धीकरणाच्या बाबतीत असतो. अनेक संस्थांत कूटबद्ध डिस्क उघडण्याच्या पर्यायी किल्ल्या निर्देशिकेत साठवलेल्या असतात. त्या संबंधित संगणकाच्या नोंदीखाली उपनोंदी म्हणून राहतात. संगणकाच्या नोंदीबरोबर त्याही हटतात. नंतर त्या संगणकाने किल्ली मागितली आणि तिची प्रत अन्यत्र नसली, तर डिस्कवरील माहिती मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

धोरणे व अधिकारांवर

ओयू हटवल्याने त्याला जोडलेले ग्रुप पॉलिसीचे संच हटत नाहीत. त्यांची फक्त जोडणी जाते. संच स्वतंत्र जागी साठवलेले असल्याने ते कोठेही न जोडलेल्या अवस्थेत शिल्लक राहतात. याउलट ओयूवर सोपवलेले अधिकार हा ओयूच्याच नोंदीचा भाग असल्याने ते त्याबरोबर नाहीसे होतात.

नोंदी आधी दुसरीकडे हलवल्या असतील, तर त्यांना नव्या जागेची धोरणे लागू होतात. संगणक साधारणपणे दर ९० मिनिटांनी, अधिक कमाल ३० मिनिटांच्या फरकाने, आपली धोरणे ताजी करतात. एखादी आज्ञावली धोरणाच्या कक्षेबाहेर गेल्यास काढून टाकावी, असे आधी ठरवलेले असेल, तर हलवलेल्या संगणकावरून ती आज्ञावली निघून जाऊ शकते.

बाहेरील प्रणालींवर

वेतनपत्रकाची आज्ञावली, ग्रंथालयाची प्रणाली, छायाप्रत यंत्र, फायरवॉल अशा अनेक ठिकाणी वापरकर्ते कोठे शोधायचे याचा पत्ता म्हणून एखाद्या ओयूचे पूर्ण नाव लिहिलेले असते. ते ओयू हटवले की सर्व्हर ३२ क्रमांकाची त्रुटी देतो. मागितलेली नोंद अस्तित्वात नाही, असा तिचा अर्थ होतो. खाती दुसऱ्या ओयूमध्ये सुरक्षित असूनही या प्रणालींचे काम थांबते. हे अवलंबित्व निर्देशिकेत कोठेही नोंदलेले नसल्याने शोधायला सर्वांत अवघड असते.

निर्देशिका मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा आयडी या क्लाउड सेवेशी जोडलेली असेल, तर आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. कोणती ओयू क्लाउडशी जुळवायची हे निवडता येते. निवडलेल्या ओयूमधून न निवडलेल्या ओयूमध्ये खाते हलवले, तरी क्लाउडच्या दृष्टीने ते हटवलेच जाते. असे खाते तेथे ३० दिवस परत मिळवण्याजोगे राहते. एका वेळी ५०० हून अधिक नोंदी हटणार असतील, तर जुळवणीची आज्ञावली मूळ मांडणीत ती क्रिया रोखून धरते. लहान संस्थेत एकूण खातीच त्याहून कमी असू शकतात. तेथे ही मर्यादा कमी करून ठेवणे श्रेयस्कर ठरते.

टूमस्टोन आणि प्रतिकृतीकरण

ॲक्टिव्ह डिरेक्टरीची प्रत अनेक डोमेन कंट्रोलरांवर असते आणि त्यांपैकी बहुतेकांवर बदल करता येतो. एका ठिकाणी झालेला बदल प्रतिकृतीकरणाने इतरांकडे जातो. नोंद हटवताच ती पूर्णपणे पुसून टाकली, तर ती हटवली गेल्याचे इतरांना कळवायला काहीच उरणार नाही. उलट दुसऱ्या कंट्रोलरवरील जुनी प्रत नवी समजून पुन्हा पसरू शकेल. हे टाळण्यासाठी हटवलेली नोंद एका खुणेच्या रूपात काही काळ जपली जाते. या खुणेला टूमस्टोन, म्हणजे थडग्यावरील शिळा, असे म्हणतात.

टूमस्टोनचे आयुष्य विंडोज २००० च्या काळात ६० दिवस होते. विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून नव्याने उभारलेल्या निर्देशिकांत ते १८० दिवस असते. एखादा डोमेन कंट्रोलर या मुदतीपेक्षा अधिक काळ बंद राहून पुन्हा जोडला गेला, तर त्याच्यावर हटवलेल्या नोंदी रेंगाळत राहिलेल्या आढळतात.

एकाच ठिकाणच्या कंट्रोलरांमध्ये बदल काही सेकंदांत पोहोचतात. वेगवेगळ्या ठिकाणांच्या दरम्यान मात्र मूळ मांडणीत १८० मिनिटांचे अंतर असते. या अंतरामुळे एक विचित्र प्रसंग उद्भवू शकतो. एका शहरातील प्रशासकाने ओयू हटवले आणि ते कळण्यापूर्वीच दुसऱ्या शहरातील प्रशासकाने त्याच ओयूमध्ये नवे खाते तयार केले, तर त्या खात्याला पालक कप्पा उरत नाही. अशी निराधार नोंद ॲक्टिव्ह डिरेक्टरी लॉस्ट अँड फाउंड नावाच्या खास कंटेनरमध्ये ठेवते. ओयू हटवल्यानंतर काही काळाने हा कंटेनर तपासावा, असे त्यामुळेच सुचवले जाते.

हटवण्यापूर्वीची तयारी

एका महाविद्यालयात गणित आणि संख्याशास्त्र या दोन विभागांचे एकत्रीकरण झाले असून संख्याशास्त्राचे ओयू हटवायचे आहे, अशी कल्पना केल्यास तयारीचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

प्रथम ओयूमधील सर्व नोंदींची यादी केली जाते. यात केवळ पडद्यावर दिसणाऱ्या नोंदी पुरेशा नसतात. सामायिक मुद्रकांच्या आणि बिटलॉकरच्या नोंदी संगणकांच्या नोंदीखाली असल्याने नेहमीच्या दृश्यात दिसत नाहीत. म्हणून संपूर्ण उपवृक्षाची यादी पॉवरशेलने काढून ती फाइलमध्ये जपली जाते. त्याच वेळी जोडलेल्या ग्रुप पॉलिसींची आणि ओयूवरील परवानग्यांची नोंद घेतली जाते.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक नोंदीचे काय करायचे ते ठरते. कार्यरत प्राध्यापकांची खाती व वापरातील संगणक गणिताच्या ओयूमध्ये हलवले जातात. खाते हलवल्याने त्याचा सुरक्षा ओळखक्रमांक आणि गटांचे सदस्यत्व बदलत नाही. नव्या जागी कोणती धोरणे लागू होतील हे आधी एका चाचणी खात्यावर पाहिले जाते. संस्था सोडून गेलेल्यांची खाती लगेच हटवण्याऐवजी निष्क्रिय केली जातात. निष्क्रिय खाते एका क्षणात पुन्हा सुरू करता येते, हा त्याचा मोठा फायदा आहे.

तिसऱ्या टप्प्यात लपलेली अवलंबित्वे उघडी पाडली जातात. यासाठी रिकाम्या झालेल्या ओयूचे नाव काही दिवस बदलून ठेवण्याची रीत उपयोगी पडते. ज्या प्रणालींत जुना पत्ता लिहिलेला असेल त्या बंद पडतात आणि त्यांचा ठावठिकाणा लागतो. नाव पूर्ववत केले की काम पुन्हा सुरू होते. त्याचप्रमाणे ग्रुप पॉलिसीची जोडणी आधी केवळ निष्क्रिय करून पाहता येते. नवी खाती किंवा नवे संगणक आपोआप याच ओयूमध्ये जावेत, अशी मांडणी कोणी केलेली नाही ना, हेही तपासले जाते.

चौथ्या टप्प्यात डोमेन कंट्रोलरचा ताजा बॅकअप घेतला जातो आणि रीसायकल बिन सुरू असल्याची खात्री केली जाते. शेवटी संरक्षणाची खूण काढून ओयू उपवृक्षाच्या पर्यायाशिवाय, साध्या आज्ञेने हटवले जाते. ओयू खरोखर रिकामे असेल तर ती आज्ञा यशस्वी होते. आत काही राहिले असेल तर सर्व्हर नकार देतो. एलडॅपचा मूळ नियम येथे शेवटची तपासणी म्हणून उपयोगी पडतो.

परत मिळवणे

हटवलेले ओयू परत मिळवण्याचे मार्ग निर्देशिकेच्या आवृत्तीवर व पूर्वतयारीवर अवलंबून असतात.

विंडोज सर्व्हर २००८ आर२ बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत रीसायकल बिनची सोय आली. ती आपोआप सुरू नसते. संपूर्ण फॉरेस्टची कार्यपातळी किमान २००८ आर२ इतकी असल्यावर प्रशासकाला ती मुद्दाम सुरू करावी लागते, आणि एकदा सुरू केली की बंद करता येत नाही. ती सुरू करण्यापूर्वी हटवलेल्या नोंदी तिच्याद्वारे परत मिळत नाहीत. ती सुरू असताना हटवलेली नोंद आपल्या सर्व गुणधर्मांसह आणि गटांच्या सदस्यत्वासह जपली जाते. वेगळी मुदत ठरवली नसेल, तर ती टूमस्टोनच्या मुदतीइतकी असते. विंडोज सर्व्हर २०१२ पासून हे काम खिडकीच्या स्वरूपातील साधनानेही करता येते.

संपूर्ण ओयू परत मिळवताना क्रम महत्त्वाचा असतो. हटवलेल्या सर्व नोंदी एकाच सपाट यादीत ठेवलेल्या असतात, पण त्यांचा शेवटचा पालक कोण होता याची नोंद प्रत्येकीत असते. पालक अस्तित्वात नसताना अपत्य मूळ जागी ठेवता येत नाही. म्हणून आधी मुख्य ओयू, मग त्यातील उपओयू आणि शेवटी खाती, असे वरून खाली यावे लागते. हा क्रम हटवण्याच्या क्रमाच्या नेमका उलटा आहे.

रीसायकल बिन सुरू नसेल, तर टूमस्टोनमधून नोंद पुन्हा जिवंत करता येते. त्यात सुरक्षा ओळखक्रमांक टिकून राहतो. मात्र परवलीचा शब्द, गटांचे सदस्यत्व व बहुतेक वैयक्तिक तपशील गेलेले असतात. अधिक पूर्ण मार्ग म्हणजे बॅकअपमधून अधिकृत पुनर्स्थापना करणे. यासाठी डोमेन कंट्रोलर विशेष दुरुस्ती अवस्थेत सुरू केला जातो, बॅकअप परत बसवला जातो आणि हव्या त्या ओयूच्या नोंदींचा आवृत्तिक्रमांक मुद्दाम खूप वाढवला जातो. मूळ मांडणीत ही वाढ बॅकअपच्या वयाच्या दर दिवसामागे १,००,००० असते. क्रमांक मोठा असल्याने इतर कंट्रोलर ही प्रत खरी मानतात आणि हटवल्याची सूचना मागे पडते. टूमस्टोनच्या मुदतीपेक्षा जुना बॅकअप या कामी वापरता येत नाही.

चूक लगेच लक्षात आली आणि दुसऱ्या ठिकाणच्या कंट्रोलरपर्यंत बदल पोहोचला नसेल, तर त्या कंट्रोलरवर प्रतिकृतीकरण थांबवून तेथील प्रतच अधिकृत ठरवता येते. अशा वेळी प्रतिकृतीकरणाचा संथपणाच उपकारक ठरतो.

नोंद आणि लेखापरीक्षण

कोणी काय हटवले याचा माग विंडोजच्या सुरक्षा नोंदवहीत राहू शकतो. विंडोज सर्व्हर २००८ पासून निर्देशिकेतील नोंद हटवल्याची घटना ५१४१ या क्रमांकाने लिहिली जाते. त्यात कृती करणाऱ्या खात्याचे नाव, हटवलेल्या नोंदीचा पूर्ण पत्ता आणि उपवृक्षासह हटवले गेले की नाही, हे तपशील असतात. वापरकर्त्याचे खाते हटवल्यास ४७२६ आणि संगणकाचे खाते हटवल्यास ४७४३ या क्रमांकांच्या घटना नोंदल्या जातात. ५१४१ ही घटना नोंदली जावी यासाठी लेखापरीक्षणाचे धोरण आणि संबंधित ओयूवरील तपासणीची मांडणी आधीच सुरू असावी लागते. ती नंतर सुरू करून मागील घटना कळत नाहीत.

इतर निर्देशिका सेवांमध्ये

ओपनएलडॅप या मुक्तस्रोत निर्देशिका सेवेत एलडॅपचा पानांचा नियम तसाच लागू होतो. तिच्या हटवण्याच्या आज्ञेला आतील नोंदींसह हटवण्याचा पर्याय देता येतो. मायक्रोसॉफ्टच्या रचनेशी सुसंगत असलेली सांबा ही मुक्त आज्ञावली २०१२ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून डोमेन कंट्रोलरचे काम करू शकते. तिच्यातही ओयू हटवण्याची सोय आहे. गूगल वर्कस्पेस या क्लाउड सेवेतील ऑर्गनायझेशनल युनिट रिकामे केल्याशिवाय हटवता येत नाही. त्यातील वापरकर्ते व उपयुनिटे आधी दुसरीकडे हलवावी लागतात. अशा रीतीने १९८८ च्या प्रमाणकातील सावधगिरी नव्या सेवांमध्येही वेगळ्या रूपात टिकून आहे.